मिसळीच्या कटाचा डाग: आधी तेल, मग हळद, इस्त्री सगळ्यात शेवटी

शर्टावर मिसळीचा कट सांडला की बहुतेक जण उठून बेसिनपाशी जातात, डागावर पाणी मारतात आणि हात धुवायच्या साबणाने जोरात चोळतात. मग घरी येऊन कपडा पावडरमध्ये भिजवतात, डाग लाल झाला की घाबरून त्याच्यावर लिंबू पिळतात, मशीनला लावतात, ओला असताना काही दिसलं नाही म्हणून वाळवून इस्त्रीला देतात, आणि इस्त्री होऊन आला की खिशाखाली पिवळट तेलकट गोल तसाच. यातली एकही गोष्ट मुळात चुकीची नाही, पाणी लागतंच, साबण लागतोच, काही वेळा लिंबूही चालतं. चुकतो तो क्रम. म्हणून इथे प्रत्येक पायरी का आणि कधी करायची ते नीट सांगतो, कारण नुसती सामानाची यादी माहीत असून डाग निघत नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. कटाच्या डागात दोन वेगवेगळे डाग असतात, एक तेल आणि दुसरा त्या तेलात उतरलेला हळदीचा नि लाल तिखटाचा रंग. हे दोन्ही रंग पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात, म्हणून तर तर्री वर लालभडक तरंगते. तेव्हा धाग्यात तेल आहे तोवर रंगही तिथेच बसून राहणार. आधी तेल काढायचं, रंगाचं नंतर बघायचं. उलटं केलं, म्हणजे आधी ब्लीच किंवा आधी कडक ऊन, तर रंग फिका होतो पण तेल आत राहतं आणि ते हवा लागून हळूहळू पिवळं, चिकट होत जातं. सोयाबीन, सूर्यफूल, करडई ही तेलं लवकर अशी होतात.

खालच्या पायऱ्या सुती शर्ट, कुर्ता, टीशर्ट आणि साध्या मिक्स कापडासाठी आहेत. वडापाव, भजी, लोणच्याचं तेल, पावभाजीचं बटर यांनाही हाच क्रम लागू. रेशीम आणि जरीचं शेवटी वेगळं दिलंय, पैठणी हातात घेऊन वाचत असाल तर आधी तिकडे जा आणि मधलं काहीही तिच्यावर करू नका.

तयारी

हे सामान आधी काढून ठेवा, कारण डागावर लिक्विड घातल्यावर घरभर शोधाशोध करत बसलं की ते तिथेच वाळतं.

एक चमचा, किंवा बोथट सुरी. साधे पांढरे टिशू किंवा जुन्या पांढऱ्या बनियनचे तुकडे. टाल्कम पावडर, ती नसेल तर कॉर्नफ्लॉवर. भांडी घासायचं लिक्विड, विम, प्रिल, जे घरात असेल ते. जुना मऊ टूथब्रश. एक जाडसर पांढरा टॉवेल किंवा घडी केलेलं फडकं, डागाखाली ठेवायला. आणि कोमट पाणी.

वर्तमानपत्राने डाग टिपू नका, त्याची शाई तेलात सुटते आणि पिवळ्या डागात काळं मिसळतं. रंगीत नॅपकिनही नको. भांड्याचा बारसुद्धा नको, लोक तो सर्रास कपड्यावर घासतात पण त्यात भांडी घासायला बारीक भुकटी असते, तिने सुती कापड झिजतं आणि गडद कपड्यावर पांढरट चट्टा उरतो. हिरवी घासणी तर कपड्याजवळ आणायचीच नाही. बेसन लावणारेही भेटतात, पण ओलं झालं की त्याचा चिखल होतो आणि विणीत बसलेला तो काढणं वेगळंच काम होऊन बसतं.

पाणी किती कोमट? नळाचं पाणी साधारण २५ अंशाचं धरलं तर १ तांब्या उकळतं आणि ४ तांबे नळाचं असं मिसळलं की ४० अंशाच्या आसपास येतं. हात बुडवल्यावर बरं वाटलं पाहिजे, चटका लागता कामा नये.

तपासा: कपडा रंगीत असेल तर आतल्या बाजूला, शिवणीच्या दुमडीवर लिक्विडचा एक थेंब लावा, ५ मिनिटांनी ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबून बघा. फडक्यावर रंग आला तर हा कपडा घरी करू नका.

१. उचला आणि टिपा

डागावर मटकी, फरसाण, बटाटा जे काही असेल ते चमच्याने उचला, कडेकडून मध्यभागाकडे. मध्यातून बाहेर ढकललं की रुपयाएवढा डाग तळहाताएवढा होतो. मग टिशू डागावर ठेवून वरून दाबा, उचला, कोरडी बाजू फिरवा, परत दाबा. घासायचं नाही. टिशूवर तेल यायचं थांबेपर्यंत हेच करत राहा.

हॉटेलात असाल तर एवढंच करून थांबा. पाणी मारू नका, हातसाबण लावू नका. पाण्याने तेल निघत नाही, वर धागे पाण्याने भरून जातात आणि नंतर लिक्विडला तेलापर्यंत पोचायला अडचण होते. टेबलावरचं मीठ डागावर टाकायची पण पद्धत आहे, त्याने तेल फारसं ओढलं जात नाही आणि वर बोटांनी चोळलं तर कापडावर ओरखडे येतात, त्यामुळे मिठाला हात लावू नका.

२. पावडर

कपडा सपाट पसरा, डागाखाली घडी केलेलं फडकं ठेवा म्हणजे तेल पाठीमागच्या बाजूला उतरत नाही. डागावर पावडर चांगली जाड टाका, डाग दिसेनासा होईल इतकी, आणि बोटाने हलकी दाबून ठेवा. ताजा डाग असेल तर १५ ते २० मिनिटं, जास्त तेल असेल तर एखाद तास. पावडर पिवळट, ओलसर, गोळेगोळे झालेली दिसली म्हणजे ती काम करतेय. ती झटकून टाका आणि नवी टाका.

दुसऱ्यांदा टाकायचा लोक कंटाळा करतात, पण एकदा भरलेली पावडर आणखी तेल घेत नाही, नुसती वर पडून राहते.

झटकताना कपडा उभा धरून मागून टिचक्या मारा, हाताने पुसू नका. उरलीसुरली मऊ ब्रशने काढा.

३. भांड्याचं लिक्विड, कोरड्या कपड्यावर

सगळं गाडं इथेच अडतं, म्हणून जरा सविस्तर.

लिक्विड कोरड्या डागावर थेट घालायचं, आधी ओलं करायचं नाही. त्याच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, म्हणून आधी तेलाला धरायला वेळ द्यायचा आणि मगच पाणी आणायचं. आधीच पाणी मारून झालं असेल तर कपडा सावलीत पूर्ण वाळू द्या आणि मग सुरू करा, तेवढा उशीर चालतो.

कपडा उलटा करा. डागाची पुढची बाजू खाली, टॉवेलवर टेकलेली, आणि लिक्विड मागच्या बाजूने घाला. असं केलं की तेल जिकडून आलं तिकडून बाहेर पडतं, पुढून घातलं तर ते कापडात आणखी आत जातं. रुपयाच्या नाण्याएवढ्या डागाला अर्धा छोटा चमचा पुरे. जास्त घालून डाग लवकर जात नाही, फक्त फेस काढत बसावं लागतं.

बोटाच्या टोकाने लिक्विड डागाच्या कडेपासून आत आत असं पसरवा. मग टूथब्रशने हलके ठोके द्या, मागे-पुढे घासू नका. नीट बघितलंत तर ठोके देता देता लिक्विडचा रंग बदलताना दिसतो, हिरवं किंवा पिवळं पारदर्शक असलेलं ते गढूळ, केशरी होतं आणि खालच्या टॉवेलवर एक केशरी ठिपका उमटतो. तो ठिपका उमटला म्हणजे तेल सुटलं. टॉवेल सरकवून कोरडी जागा खाली घ्या आणि परत ठोके द्या. ठिपका फिका होत जाईल. असं १० ते १५ मिनिटं.

थांबा: लिक्विड डागावर वाळू देऊ नका. पंख्याखाली बसला असाल तर ते पटकन वाळतं आणि सुटलेलं तेल त्याच जागी परत बसतं. वाळायला लागलं तर पाणी नको, लिक्विडचाच अजून एक थेंब टाका.

४. कोमट पाण्याने धुवा

आता पहिल्यांदा पाणी. मागच्या बाजूने, वरून धार सोडून, तांब्याने किंवा नळाखाली. फेस जाईपर्यंत, बोटांना बुळबुळीत लागायचं थांबेपर्यंत.

पाणी कोमटच का, तर साजूक तूप, बटर आणि खोबरेल थंडीत घट्ट होतात. खोबरेल साधारण २४ अंशाच्या खाली गोठतं, डिसेंबरात पुण्या-नाशकात बाटलीतलं तेल उन्हात ठेवावं लागतं ते यामुळेच. अशा दिवसांत नळाच्या गार पाण्याने धुतलं तर गोठलेलं तेल धाग्यात जसंच्या तसं राहतं. आणि उकळतं पाणीही ओतू नका, कपड्याचा रंग जातो, मिक्स कापड आक्रसतं.

तपासा: ओल्या कपड्यावर तेलाचा डाग दिसत नाही, कारण ओलं सगळंच गडद दिसतं. सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. कपडा सावलीत, पंख्याखाली वाळवा आणि खिडकीसमोर धरून उजेडाच्या विरुद्ध बघा. तेल राहिलं असेल तर तेवढी जागा जरा पारदर्शक, काचेच्या तावदानासारखी दिसते. सुती कपड्यावर अजून एक परीक्षा आहे, डागाच्या जागी पाण्याचा एक थेंब टाका आणि शेजारच्या स्वच्छ जागी दुसरा. शेजारचा लगेच मुरला आणि डागावरचा गोल होऊन बसून राहिला तर तेल अजून आत आहे. मग पायरी ३ परत. दोनदा, तीनदा करावं लागलं तरी चालेल, पण तेल असताना पुढे जाऊ नका.

५. नेहमीची धुलाई

तेल गेलं की कपडा नेहमीसारखा धुवा, एन्झाईम असलेली चांगली डिटर्जंट पावडर किंवा लिक्विड वापरा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून मग मशीनला लावा. मशीनमध्ये टाकायच्या आधी भांड्याचं लिक्विड पूर्ण निघालेलं पाहिजे, नाहीतर फेस एवढा होतो की मशीन मध्येच थांबतं.

पावडरमध्ये टाकल्यावर डाग एकदम लाल झाला तर घाबरायचं कारण नाही. हळदीला साबण-सोड्यातली अल्कली लागली की ती लाल होते, हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणामुळे. नीट खळबळून साबण गेला की ती परत पिवळी दिसते. उलट यातून एक गोष्ट कळते, की रंग अजून शिल्लक आहे. लिंबू पिळलं की तो लगेच पिवळा होतो आणि डाग निघायला लागला असं वाटतं, पण हळद होती तिथेच असते, फक्त तिचा रंग बदलतो. रंगीत कपड्यावर मात्र लिंबाचाच फिका चट्टा पडू शकतो.

सॉफ्टनर या वेळेला घालू नका. तो धाग्यावर पातळ थर बसवतो आणि उरलेला डाग त्याखाली झाकला जातो. नीळ किंवा उजाला पण नंतर, त्याने डाग निघत नाही, फक्त पांढरं जास्त पांढरं दिसतं.

६. रंग: ऊन, आणि लागलंच तर ऑक्सिजनवाली पावडर

तेल गेलंय हे नक्की झाल्यावर पिवळा-केशरी रंग उरला असेल तर सगळ्यात स्वस्त औषध ऊन. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, तिखटाचाही उडतो. कपडा धुवून ओलसर असतानाच डाग थेट उन्हाकडे येईल असा वाळत घाला. सकाळचं ऊन २-३ तास, वाळला तर पाण्याचा हात फिरवून परत. पांढऱ्या सुतीचा डाग अशाने एक-दोन दिवसांत निघून जातो, ज्यांच्याकडे गॅलरी उत्तरेला आहे त्यांना थोडे जास्त लागतील. गडद कपड्याला हे जपून करा, कारण ऊन हळदीचा रंग उडवतं तसा कापडाचाही उडवतं, म्हणून बाकीचा कपडा जुन्या चादरीने झाका आणि फक्त डाग उघडा ठेवा.

पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा व्हॅनिशसारखी ऑक्सिजनवाली पावडर. पुडीवर लिहिलेलं प्रमाण घ्या, कोमट पाण्यात आधी पूर्ण विरघळवा आणि मग कपडा बुडवा, कोरडी पावडर डागावर टाकून चोळू नका. तासाभराने बघा. धातूची बटणं किंवा चेन असेल तर फार वेळ ठेवू नका. हे मिश्रण बाटलीत घट्ट झाकण लावून ठेवायचं नाही, आत वायू तयार होतो आणि बाटली फुटू शकते.

क्लोरीनवालं ब्लीच पांढऱ्या सुतीवर हळद घालवतं हे खरं, पण तेलाला ते काही करत नाही आणि ताणल्या जाणाऱ्या कापडाला, म्हणजे लायक्रा, स्पॅन्डेक्स वगैरेला, पिवळं आणि कमजोर करतं. रेशीम-लोकरीवर तर कधीच नाही.

थांबा: ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. "दोन्ही चांगले आहेत तर एकत्र करू" हा विचार इथे अजिबात नको.

७. इस्त्री

उजेडाची आणि थेंबाची परीक्षा पास झाल्याशिवाय इस्त्री नाही. गरम पाटा फिरला की उरलेलं तेल पातळ होऊन धाग्यात पसरतं, आणि उष्णतेने ते पिवळं होऊन पक्कं बसतं, मग तो डाग काढायला आठवडाही पुरत नाही. इस्त्रीवाल्याकडे गठ्ठ्यात कपडा गेला की त्याने कुठे एकेक शर्ट उजेडात धरून बघायचा, म्हणून डागाचा कपडा गठ्ठ्यातून बाजूला ठेवायची सवय लावा. परदेशात ड्रायर वापरता त्यांना तर हे आणखी जपायला हवं, ड्रायरची गरमी इस्त्रीसारखीच डाग पक्का करते.

आठवडा झालेला, इस्त्री झालेला डाग

आशा सोडू नका, पण एका धुण्यात जाईल असंही धरू नका. जुनं तेल घट्ट झालेलं असतं, आधी ते मऊ करावं लागतं. डागावर खोबरेल किंवा गोडंतेल अगदी थोडं, एक-दोन थेंब, बोटाने लावा. ऐकायला विचित्र वाटतं, पण तेलात तेल विरघळतं आणि जुना डाग हलायला लागतो. अर्ध्या तासाने टिपा, पावडर टाका आणि पायरी ३ पासून सगळं करा. नवीन तेल पूर्ण काढलंच पाहिजे, नाहीतर एकाचे दोन डाग.

पांढरं सुती असेल तर त्यानंतर धुण्याच्या सोड्यात भिजवा, अर्धी बादली गरम पाण्याला २ मोठे चमचे, तासभर. हा खायचा सोडा नाही, दोन्ही वेगळे, धुण्याचा बराच तीव्र असतो, हातमोजे घाला. बोअरचं जड पाणी येणाऱ्यांना याचा दुहेरी फायदा, पाणीही मऊ होतं आणि साबण नीट चालतो. उशीचे अभ्रे आणि शर्टाच्या कॉलरी, जिथे डोक्याचं तेल रोज थोडं थोडं मुरत जातं, त्यांनाही हाच उपाय, आणि ते दर आठवड्याला धुवा, महिनाभर साठू दिलं तर वास बसतो.

पॉलिएस्टर, जिमचे टीशर्ट

पॉलिएस्टरला तेलाची ओढ असते आणि पाणी ते जवळ येऊ देत नाही, त्यामुळे सुतीपेक्षा इथे जास्त फेऱ्या लागतात. लिक्विड ३० मिनिटांपर्यंत ठेवा, मध्ये वाळू न देता. पाण्याच्या थेंबाची परीक्षा इथे चालत नाही, स्वच्छ पॉलिएस्टरवरही थेंब उभाच राहतो, उजेडातच बघा.

गाडीच्या चेनचं ग्रीस

पँटच्या किंवा सलवारीच्या घोळाला लागणारं काळं ग्रीस म्हणजे तेल आणि त्यात काजळी, धातूची बारीक भुकटी. चोळलं की ती भुकटी विणीत आत जाते आणि मग राखाडी सावली कायमची राहते. चमच्याने उचला, थोडं गोडंतेल लावून १० मिनिटं ठेवा, कापसाने टिपा, कापूस बदलत राहा, काळं यायचं थांबलं की भांड्याचं लिक्विड.

गॅरेजमध्ये पेट्रोल किंवा रॉकेल लावून देतात. पेट्रोल कपड्याला घरात लावूच नका. रॉकेल लागलेला कपडा मशीनमध्ये, गॅसजवळ किंवा इस्त्रीखाली जाता कामा नये, बाहेर मोकळ्या हवेत वास पूर्ण जाईपर्यंत ठेवा आणि हातानेच धुवा.

रेशीम, पैठणी, जरी

फक्त तीन गोष्टी करा. टिपा, पावडर टाका, ड्रायक्लीनरकडे न्या. पावडर रात्रभर राहू द्या आणि सकाळी अगदी मऊ ब्रशने काढा. पाणी नाही, भांड्याचं लिक्विड नाही, धुण्याचा सोडा नाही, एन्झाईमची पावडर तर मुळीच नाही, कारण रेशीम हे प्रथिन आहे आणि त्यातलं एन्झाईम प्रथिनंच तोडतं. ओलं रेशीम चोळलं की तंतू उसवतात आणि तेवढ्या जागेची चमक जाते, ती परत येत नाही. ऊनही नको.

साधं, बिनजरीचं, घरी धुता येणारं रेशीम असेल तर रिठ्याचं पाणी किंवा ईझीसारखं सौम्य लिक्विड, गार पाण्यात, आतल्या पदरावर आधी तपासून. रिठ्याचं पाणी तपकिरी असतं, पांढऱ्या आणि मोतिया रंगावर त्याची छटा चढते, तिथे ईझीच बरं.

ड्रायक्लीनरला नुसतं "डाग आहे" म्हणून साडी ठेवून येऊ नका. कशाचा डाग, कधी पडला, त्यावर घरी काय काय लावलं, तिन्ही सांगा आणि डागाभोवती पांढऱ्या दोऱ्याचा सैल टाका घालून द्या म्हणजे सहा वार, नऊ वारात शोधावा लागत नाही. तेलाला पेट्रोल वॉश, म्हणजे त्याच्याकडची बिनपाण्याची धुलाई, पुरतो, पण हळद असेल तर त्याला वेगळं स्पॉटिंग, म्हणजे नुसत्या डागावर हाताने काम, करावं लागतं, आणि ते न सांगता त्याला कळणार कसं. साडी परत आली की दुकानातच, दारात उजेडाला नेऊन उघडून बघा, डाग शिल्लक असेल तर तिथल्या तिथे परत द्या, प्रेस करून मात्र घेऊ नका.